मुक्तिनाथाचं दर्शन आणि दोन दिवसांची ‘सेवा’: या ग्रुपबरोबर नेपाळला जावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्याला पुढचं कळेल. तुम्ही फार्मासिस्ट, साताऱ्यात दुकान आहे. बाबा ६८ वर्षांचे, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आई ६१. तुमच्या सत्संग मंडळाची दहा दिवसांची नेपाळ यात्रा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतेय. पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ, लुंबिनी. सोबत सेवा म्हणून चौथ्या दिवशी पोखऱ्याजवळच्या शाळेत साहित्यवाटप आणि सातव्या दिवशी मुक्तिनाथला मोफत आरोग्य शिबिर. माणशी ६८,००० रुपये, वर प्रत्येकी ११,००० ‘सेवानिधी’. जावं का, आणि जायचं तर काय विचारून घ्यावं?

जावं. पण तुम्ही जो कार्यक्रम पाठवलाय, तो जसाच्या तसा राहणार असेल तर पैसे भरू नका.

मी नाशिकला एका रुग्णालयात ओपीडीत सिस्टर होते. २०१० पासून यात्रा मंडळांबरोबर नेपाळला जाते, कोविडची दोन वर्षं सोडली तर जवळजवळ दरवर्षी. आधी नुसती मदतीला, मग शिबिराची सगळी जबाबदारी अंगावर. त्यामुळे असे छापील कार्यक्रम मी पुष्कळ पाहिलेत, त्यातले काही मीच लिहिलेत. माझी सवय सांगते. कार्यक्रमपत्रिका हातात आली की देवळांकडे बघायचंच नाही. सेवेच्या दिवसावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा दिवस कुणी ठरवला? पुण्या-साताऱ्यात बसून ठरवला असेल तर तो यात्रेच्या सोयीने ठरलेला असतो. तिथल्या माणसाने ठरवला असेल तर मंडळ त्याभोवती यात्रा बसवतं. एवढ्यावरून नव्वद टक्के गोष्टी कळतात.

तुमच्या पत्रिकेचंच बघा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणजे चौथा दिवस कोजागिरीच्या आत येतो. नेपाळात दशैं घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत चालतो. आपली दिवाळी आणि गणपती एकत्र केले तर जेवढी धामधूम होईल तेवढी. शाळा बंद, सरकारी कचेऱ्यांत शुकशुकाट, निम्मं काठमांडू आपापल्या गावी, घराघरांतले मोठे धाकट्यांना टीका, म्हणजे टिळा, लावताहेत. म्हणजे ज्या शाळेत तुम्ही वह्या वाटणार आहात, त्या शाळेला त्या दिवशी कुलूप असणार. फार तर मुख्याध्यापक सणातून उठून येतील, आसपासची दहा-बारा मुलं गोळा करतील, फोटो निघेल आणि सगळे परत जातील. तिथल्या एका जरी माणसाला विचारलं असतं तर ही तारीख पडलीच नसती. वह्यांबद्दल एवढंच म्हणते की पैसे शाळेला द्या, वह्या तिथल्याच बाजारातून घेऊ द्या. तिथलं शालेय वर्ष वैशाखात सुरू होतं. कार्तिकात वह्यांचा गठ्ठा नेण्यापेक्षा शाळेला काय कमी आहे ते विचारलेलं बरं. दोनदा आम्हाला उत्तर मिळालं, पाण्याची टाकी.

आता शिबिर. ‘सकाळी मुक्तिनाथ दर्शन, दुपारी २ ते ५ आरोग्य शिबिर, रात्री जोमसोम मुक्काम.’ ज्याने हे लिहिलं तो मुक्तिनाथला दुपारी थांबलेला नाही. तिकडे काली गंडकी नदीच्या खोऱ्यात सकाळी अकराच्या सुमारास वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत तोंडात माती जाते. पोखरा-जोमसोम विमानं म्हणूनच सकाळची असतात. देऊळ ३,७०० मीटरच्या वर आहे. आपली कळसुबाई १,६४६. हे तिच्या दुपटीहून जास्त. श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. पोखरा जेमतेम ८०० मीटरवर. तिथून एक-दोन दिवसांत वर गेलेली साठीची माणसं पायऱ्या चढून, गार पाण्यात भिजून खाली येतात, आणि मग त्यांनीच टेबल मांडून दुसऱ्यांचं बीपी मोजायचं? मी हा प्रकार एकदा पाहिलाय. चाळीस रुग्णांची नोंद झाली, त्यातले अकरा आमचेच यात्रेकरू होते.

शिवाय रुग्ण येणार कुठून? देवळाखालचं रानीपौवा हे मुख्यतः हॉटेलांचं गाव. झारकोट, पुरांग ही आजूबाजूची गावं लहान, आणि थंडी पडू लागली की मुस्ताङमधली, म्हणजे मुक्तिनाथच्या जिल्ह्यातली, पुष्कळ माणसं खाली पोखऱ्याकडे उतरतात. खरी गरज बघायची तर लुंबिनीच्या आसपास बघा. रुपन्देही आणि कपिलवस्तुची तराईतली खेडी, शेतमजुरांच्या वस्त्या. तिथे उंचीचा त्रास नाही, आणि बोली अवधी-भोजपुरी असल्यामुळे आपली मोडकी हिंदीही समजते. मंडळाला सांगा, मुक्तिनाथला नुसतं दर्शन ठेवा, शिबिर लुंबिनीला हलवा आणि त्याला अख्खा दिवस द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवाही बरी असते. वैशाखातल्या उन्हात तिथे शिबिर घेऊन मीच चक्कर येऊन पडले होते.

‘अहो, पण आपण मोफत तपासणार, त्यात परवानगी कसली?’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. नेपाळ हा वेगळा देश आहे, हे आपल्याला व्हिसा लागत नसल्यामुळे लक्षातच राहत नाही. परदेशी डॉक्टरला तिथे रुग्ण तपासायचे तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी काढावी लागते, फुकट तपासणी असली तरीही. तुमच्यासाठी तर हे जास्त महत्त्वाचं. फार्मासिस्टची नोंदणी तिथे नेपाळ फार्मेसी कौन्सिलकडे असते, महाराष्ट्रातली तिथे चालत नाही. तुम्ही तिथल्या नोंदणीकृत माणसाच्या हाताखाली मोजणं, लेबल लावणं, मुदत तपासणं ही कामं करा. काउंटरवर उभं राहून स्वतःच्या जबाबदारीवर औषध देऊ नका. वडा कार्यालयाचं पत्र, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिससारखं, आणि जवळच्या स्वास्थ्य चौकीच्या प्रमुखाचा होकार, हे दोन कागद मंडळाकडे आहेत का ते विचारा. ‘आमचा तिथला एजंट सगळं बघतो’ हे उत्तर मिळालं तर समजा की कागद नाहीत.

औषधांचं तसंच. साताऱ्याहून खोके भरून न्यायचा मोह होतो, कारण तुमच्या ओळखीचे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सॅम्पलं देतात. सॅम्पलं नेऊ नका. सीमेवर सोनौलीच्या नाक्यावर भन्सार आहे. कस्टम्सला तिथे हाच शब्द. यादी, बॅच, मुदत, बिल, शिफारसपत्र नसेल तर खोकी तिथेच अडकतात. आमची एकदा दीड दिवस अडकली. तोपर्यंत शिबिराची वेळ निघून गेली आणि आम्ही बुटवलच्या घाऊक दुकानातून तीच औषधं विकत घेतली. बरीचशी भारतीय कंपन्यांचीच. तेव्हापासून मी औषध कधी सीमेपलीकडे नेलं नाही.

हे कागदाचं झालं. पण शिबिराबद्दल माझं मत कागदाने बदललं नाही, एका बाईने बदललं.

२०१० साली, माझ्या पहिल्याच वर्षी, बेनीच्या पुढे म्याग्दी जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही एका दिवसात दीडशे माणसं तपासली. आम्हाला फार अभिमान वाटला. त्यात साठीची एक बाई होती, बीपी १८० वर ११०. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन लिहिलं, मी तीस गोळ्या मोजून दिल्या, ‘रोज एक’ म्हणून बोट वर करून दाखवलं. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने जाताना चहाला थांबलो तर ती समोर आली. पदराच्या गाठीतून तिने गोळ्यांची रिकामी पट्टी काढली, घडी घालून जपून ठेवलेली. ‘औषधि सकियो,’ म्हणाली. औषध संपलं. तिने रोज एक घेतलीच नव्हती. डोकं दुखलं की अर्धी तोडून खायची, म्हणजे जास्त दिवस पुरेल. आणि तिथून पाऊण तासावर स्वास्थ्य चौकी होती. ती तिकडे गेली नाही, कारण भारतातून आलेल्या डॉक्टरांचं औषध ‘राम्रो’, चांगलं, असं तिला वाटत होतं आणि ते लोक परत येणारच होते.

म्हणजे आम्ही तिचं काय भलं केलं? वर्षभर तिचं बीपी तसंच राहिलं आणि जवळच्या चौकीवरचा विश्वास आम्ही कमी केला. ती पट्टी मी परत घेतली, अजून माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असते.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. बीपी आणि साखर तपासायची, पण लांब पल्ल्याचं औषध सुरू करायचं ते चौकीच्या हेल्थ असिस्टंटने, त्याच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून. आम्ही फक्त यादी करून द्यायची. तिथे गावोगाव महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, आपल्या आशाताईंसारख्या, पण आशा योजनेच्या पुष्कळ आधीपासून, १९८८ पासूनच्या. देशभरात पन्नास हजारांच्या आसपास. कुठली म्हातारी एकटी राहते, कुणाचा मुलगा आखातात आहे, कुणाला चौकीपर्यंत चालवत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर चहा पिऊन घेतला तर दुसऱ्या दिवशीची रांग बरोबर माणसांची लागते. नाहीतर पुढाऱ्याच्या ओळखीची माणसं आधी येतात, हे आपल्याकडच्यासारखंच.

आणि एका दिवसात संपणारी, मागे लटकत न राहणारी कामं निवडावी. जवळचं वाचायचा चष्मा हे त्यातलं सगळ्यात चांगलं. चाळिशीच्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, तांदूळ निवडता येत नाही; एक ते तीन नंबरपर्यंतचे तयार चष्मे, समोर धरायला एक पुस्तक आणि एक सुई-दोरा. दोरा ओवला गेला की चेहरा बघावा. मोतीबिंदू वाटला तर चिठ्ठी द्यायची, जवळच्या नेत्र रुग्णालयाची. इथे एक गोष्ट ऐकून ठेवा, म्हणजे आपण ‘गरीब देशाला’ मदत करायला चाललोय ही भावना जरा जमिनीवर येईल. भैरहवाच्या लुंबिनी नेत्र रुग्णालयात सीमेपलीकडून, आपल्या उत्तर प्रदेश-बिहारमधून, लोकांचे लोंढे मोतीबिंदू काढायला येतात. काठमांडूच्या तिलगंगा संस्थेत, १९९४ पासूनची ही संस्था, डॉ. संदुक रुइत आणि सहकाऱ्यांनी डोळ्यात बसवायची लेन्स तिथेच कमी खर्चात बनवून दाखवली. तेव्हा डोळ्यांच्या बाबतीत आपण शिकायला जातोय असं समजलेलं बरं.

तुमच्या हाताला काम भरपूर आहे. आपली नि त्यांची लिपी एकच, आकडेही तेच, हा फायदा इतर कुठल्या देशात मिळणार नाही. पाकिटावर मराठी ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहू नका. ‘बिहान’ सकाळ, ‘दिउँसो’ दुपार, ‘बेलुका’ संध्याकाळ. बाजूला सूर्य नि चंद्र काढा, कारण म्हाताऱ्या माणसांना वाचता येईलच असं नाही. रिकाम्या पोटी घ्यायचं तर ‘खाली पेटमा’. चौकीच्या कपाटातली मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढून, पुढची मागणी लिहायला मदत करणं हे काम दिसायला अगदी रटाळ, पण एका चौकीवरच्या दाइंनी (तिथे दाइ म्हणजे दादा) मला सांगितलं की आजवर आलेल्या पाहुण्यांमध्ये हे कुणी करून दिलं नव्हतं. फक्त त्यांनी विचारलं तरच हात घाला. त्यांचं कपाट आहे.

एक बारीक गोष्ट, पण पुढे महागात पडू शकणारी. तुमच्या मंडळाची प्रवचनाची पुस्तकं औषधाच्या टेबलावर ठेवू नका. कुठल्याही पंथाची असोत. नेपाळमध्ये धर्मांतर करायला लावणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि परदेशी माणूस असेल तर नंतर देशाबाहेर रवानगी. तुमचा तसा हेतू नाही हे मला कळतं. पण गोळीबरोबर पुस्तक मिळालं की घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येत नाही. भजन संध्याकाळी करा, गावकऱ्यांना बोलवा. ते त्यांची भजनं म्हणतील, ढोलकी-मादल घेऊन, आणि ती रात्र फार सुंदर जाते. मुक्तिनाथ हे स्वतःच हिंदू आणि बौद्ध दोघांचं. देवळात विष्णू, तोच बौद्धांचा अवलोकितेश्वर, आणि पलीकडे ज्वालामाईची ज्योत जपणाऱ्या बौद्ध भिक्षुणी.

आता पैसे. माणशी ६८,०००ची पावती ज्या प्रवास कंपनीच्या नावे, तिच्याकडून रीतसर बिल घ्या. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून आधीच घेतलेला आयकर, घेतला तर तो रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणून पॅन द्या आणि पुरावा मागा. ११,०००चं विचारा की ते कुठल्या ट्रस्टच्या खात्यात जाणार. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालचा नोंदणी क्रमांक पावतीवर हवा. प्रवासखर्च देणगी म्हणून दाखवून ‘८०जी मिळेल’, म्हणजे दानावरची आयकर सवलत मिळेल, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा, प्रवासाचा मोबदला म्हणजे दान नव्हे. रोख २,०००च्या वर दिलंत तर त्यावर सवलत नाहीच. आणि आपला ट्रस्ट भारताबाहेर पैसे खर्च करतो तेव्हा त्या खर्चाला करसवलत आपोआप मिळत नाही, वरून मंजुरी लागते. मंडळाचे हिशेबनीस याचं उत्तर देऊ शकले तर माणसं नीट आहेत. चिडले तर तुम्हीच काय ते ओळखा. मी स्वतः एका मंडळाला असं विचारलं होतं. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. त्या वर्षी चाळीस जणांचा सेवानिधी जमला होता आणि शिबिरावर झालेला खर्च माझ्याच वहीत होता, तो त्याच्या चौथाईही नव्हता.

प्रवासाबद्दल मी कडक आहे, आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली. आतले आपल्याच जळगाव जिल्ह्यातले, भुसावळ-वरणगाव भागातले. पंचविसांहून जास्त माणसं गेली. त्याआधी २९ मे २०२२ला पोखरा-जोमसोम विमान पडलं, २२ जण होते, त्यात ठाण्याचं एक कुटुंब. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, तिथे दर आठवड्याला हजारो माणसं सुखरूप जातात-येतात. पण मंडळाला विचारा: भारतातून बस नेणार की तिथली गाडी आणि घाटात मुरलेला तिथला ड्रायव्हर? रात्रीचा प्रवास आहे का? असला तर नाही म्हणा. पावसाळ्यात जाऊच नका. आणि पत्रिकेत एक मोकळा दिवस आहे का? हवा बिघडली, विमान सुटलं नाही, रस्त्यावर दरड आली, तर राखीव दिवस लागतो. तो नसला की काय कापलं जातं माहीत आहे? दर्शन कधीच कापलं जात नाही. शिबिर कापलं जातं. गावकरी सकाळपासून झाडाखाली बसून असतात आणि फोन येतो की ‘पाहुणे पुढच्या वर्षी येतील’.

बाबांबद्दल. हृदयरोगतज्ज्ञांना भेटताना नुसतं ‘नेपाळला जातोय’ म्हणू नका, ‘३,७०० मीटर, पोखऱ्याहून इतक्या दिवसांत’ असं कागदावर लिहून न्या. बऱ्याच डॉक्टरांना नेपाळ म्हटलं की काठमांडू डोळ्यासमोर येतं. उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स घ्यायचं का हे तेच ठरवतील, बाबांना सल्फाची ॲलर्जी असेल तर आठवणीने सांगा. जाताना जोमसोम किंवा मार्फाला, साधारण २,७०० मीटरवर, एक मुक्काम झालाच पाहिजे. सफरचंदांचं गाव आहे, बाबांना आवडेल. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे ‘जेवण बाधलं’ म्हणून सोडू नका. अशा अवस्थेत वर चढायचं नाही, आणि तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, खाली उतरायचं. देवळामागे १०८ गोमुखांच्या धारा आहेत, बर्फ वितळून आलेलं पाणी. आमच्यातली धडधाकट माणसं एका दमात त्याखालून पळतात आणि पलीकडे निघताना ओठ निळे, दात वाजताहेत. बाबांनी हात पुढे करून शिंतोडा डोक्यावर घ्यावा. रानीपौव्यापासून देवळापर्यंत चढ आहे, घोडे मिळतात. घ्यायला लाजू नये. वर जाऊन ‘मला काही होत नाही’ म्हणणारे काका मी दरवर्षी खाली आणते.

विमा घेताना दोन ओळी वाचा, उंचीची मर्यादा आणि आधीचे आजार. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ३,००० मीटरच्या वर काही मिळत नाही, आणि हेलिकॉप्टर लागलं तर आधी विमा कंपनीला फोन, मग हेलिकॉप्टर. तिथे घाईघाईने हेलिकॉप्टर बोलावणारे दलालही भेटतात.

पैशाचं: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर ठरलेला आहे. दुकानदार ‘आईसी कि एनसी?’ विचारतात, आईसी म्हणजे आपले. शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा जवळ ठेवा. शहरांत फोनवरून क्यूआर चालतो, मुस्ताङमध्ये त्यावर विसंबू नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. शनिवार सुट्टीचा, त्या दिवशी सरकारी कागद हलत नाही.

अजून एक सांगून ठेवते. तिथली माणसं फार आतिथ्यशील, पण आपल्याविषयी सगळं गोडच बोलतील असं नाही. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात जवळपास नऊ हजार माणसं गेली, आणि आपल्याकडून मदतीच्या नावाने जुन्या कपड्यांचे गठ्ठेही गेले. साड्या, फाटके स्वेटर. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सीमेवर महिनोन् महिने इंधन-औषधं अडली. भारत सरकारने नाकेबंदी आपण केली नाही असं सांगितलं, पण २०१६च्या वसंतात आम्ही गेलो तेव्हा आमच्या मुक्कामाच्या साहुजींनी चुलीवर भात शिजवता शिजवता मला त्या हिवाळ्यातल्या अर्ध्या भरलेल्या सिलिंडरची गोष्ट ऐकवली. ‘तपाईंहरूले,’ म्हणजे ‘तुम्ही लोकांनी’, असं म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात आणखी भात वाढला. मी वाद घातला नाही. तुमच्यातल्या कुणीही घालू नये. पुरे झालं की ‘पुग्यो’ म्हणायचं, भाताला.

फोटो काढायचेच तर बॅनर बसमध्ये ठेवा आणि रुग्णाचा चेहरा वगळा. तुमच्या आईचं बीपी कुणी मोजताना मागे पंचवीस अनोळखी माणसं मोबाइल धरून उभी राहिली तर तिला कसं वाटेल, एवढाच विचार.

मंडळाच्या अध्यक्षांना दादा-भाऊ म्हणत गोड शब्दांत एक पत्र लिहा: शाळेची तारीख कोजागिरीनंतर, शिबिर लुंबिनीला अख्खा दिवस, एक राखीव दिवस, वडा कार्यालय आणि चौकीचं पत्र, सेवानिधीचा हिशेब परतल्यावर महिन्याभरात. त्यांनी यातलं निम्मं जरी मान्य केलं तरी जा, बाकीचं पुढच्या वर्षी होईल. मुळीच नाही म्हणाले तर तिघं मिळून साधी यात्रा करा, दर्शन घ्या, आणि सेवेचे ३३,००० तिथल्या एखाद्या नेत्र रुग्णालयात स्वतः जाऊन भरा, पावती घ्या.

आणि कागदपत्रं. विमानाने जाणार असाल तर नेपाळला प्रौढांचं आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. ६५च्या वरच्यांना सूट आहे, म्हणून बाबांचं आधारवर निभेल. आईंचं नाही. मागच्या खेपेला पुणे विमानतळावर एक मावशी याच कारणाने परत गेल्या, भरलेल्या बॅगेसकट. आईंचं वोटर कार्ड आजच शोधा, आणि त्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळतंय का तेही बघा. माहेरचं असेल तर पासपोर्टच काढायला टाका.